परदेशातून : सम्राज्ञीचा करार आणि आपल्या याद्या

लग्नसराई आली की महाराष्ट्रातून व्हॉट्सॲपवर तोच वाद इथे व्हिएन्नापर्यंत येऊन पोहोचतो. कुणाच्या तरी लग्नात पन्नास तोळे सोनं आणि गाडी दिलेली असते, पुढे त्या मुलीचं काहीतरी वाईट होतं आणि मग दोन फळ्या पडतात. एक म्हणते हा हुंडाच. दुसरी म्हणते मागितलं कुणी होतं, बापाने हौसेनं दिलं. दोन्हीकडचा सगळा जोर किती दिलं आणि मागितलं की नाही यावर. दिलेलं कुणाच्या नावावर गेलं, हे फार थोडे जण विचारतात.

याच शहरात 1854 साली सोळा वर्षांची एक मुलगी लग्न होऊन आली. तिच्या देण्याघेण्याचा हिशेब कागदावर आहे. एलिझाबेथ, घरची सिसी. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजघराण्याच्या धाकट्या पातीतली, श्टार्नबर्ग तळ्याकाठच्या पोसेनहोफेनमध्ये वाढलेली. ऑगस्ट 1853 मध्ये बाड इश्ल गावी तिची थोरली बहीण हेलेने हिला दाखवायला नेलं होतं. ऑस्ट्रियाच्या 23 वर्षांच्या सम्राट फ्रान्झ योसेफने पसंत केली पंधरा वर्षांची धाकटी. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, मावशीची नाही. तिथे ती चालली, फक्त पोपची खास परवानगी काढावी लागली.

4 मार्च 1854 ला विवाहाचा करार झाला. त्यातली कलमं आपल्या बैठकीत बसणाऱ्या कुणालाही लगेच कळतील. मुलीच्या बापाने 50,000 गुल्डन (तेव्हाचं ऑस्ट्रियाचं चलन) द्यायचे. सम्राटाने त्यावर स्वतःचे 1,00,000 गुल्डन घालायचे. लग्नानंतरच्या सकाळची भेट म्हणून वधूला 12,000 डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. शिवाय कपडेलत्ते, दानधर्म आणि किरकोळ खर्चासाठी तिला दरसाल 1,00,000 गुल्डन. जेवणखाण, घोडे, नोकरचाकर हे या रकमेतून नाही, ते सम्राटाच्या खर्चातून. वैधव्य आलं तर पुढची तरतूदही ठरलेली. त्या काळी व्हिएन्नात बारा-चौदा तास राबणाऱ्या कामगाराला वर्षाकाठी दोन-तीनशे गुल्डन मिळत, बाईला त्याच्या निम्मे. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की राजघराण्याबद्दलचा भाबडेपणा आपोआप गळतो.

पण रचना बघण्यासारखी आहे. बापाने जेवढं दिलं त्याच्या दुप्पट नवऱ्याने घातलं, सकाळची भेट वेगळी आणि वार्षिक रक्कम तिच्या हाती. आपल्या बैठकीत ओघ एकाच दिशेने वाहतो. वरपक्ष मंगळसूत्र आणि चार दागिने घालतो, ते घालतानाही हे घरातलं सोनं आहे, जपून वापर, असं बजावतो.

रुखवताची तर पूर्ण यादीच झाली होती. 17 मोठ्या आणि 8 लहान पेट्या व्हिएन्नाला आल्या. अंगात घालायच्या शर्ट-चोळ्या बारा डझन, मोजे चौदा डझन, हॅट्स 16, बुटांचे जोड 113, त्यातले बहुतेक मखमल, सॅटिन आणि रेशमाचे. एकूण किंमत लावली 50,000 गुल्डन. दागिन्यांतला मोठा भाग मात्र नवऱ्याकडून आणि सासूकडून आलेला. व्हिएन्नाच्या दरबाराला हे रुखवत बेताचंच वाटलं आणि कुजबुज झाली. त्या 113 जोडांचं काय झालं? रिवाज असा की सम्राज्ञीने एक जोड एकाच दिवशी घालायचा आणि मग देऊन टाकायचा. म्हणजे आठ महिने धावपळ करून शिवलेलं पायताण चार महिनेही पुरण्यासारखं नव्हतं. रुखवत मुलीच्या गरजेसाठी नसतं, बघणाऱ्यांसाठी असतं. हा रोग फक्त आपला नाही एवढंच.

आणखी एक कागद आहे, त्याकडे पर्यटकांचं लक्ष जात नाही. लग्नाआधी चार आठवडे, 27 मार्चला, म्युनिकच्या राजवाड्यात घराणं आणि दरबारी जमले, बायबलवर हात ठेवून सिसीने शपथ घेतली आणि बव्हेरियाच्या गादीवरचा हक्क सोडला. आपल्या तलाठ्याच्या कचेरीतलं हक्कसोडपत्रच ते, फक्त थाट मोठा. मुलगी दिल्या घरी गेली, आता इकडचं काही मागणार नाही, हे लिहून घ्यायचं. फरक असा की सिसीच्या बाबतीत त्या सहीबरोबर दुसऱ्या बाजूने करारही झालेला होता. आपल्याकडे बहीण राखीपौर्णिमेला येते, भावाने आणलेल्या कागदावर सही करते आणि बदल्यात साडी घेऊन जाते. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, केंद्राने 2005 मध्ये. या कायद्याचा आपल्याला अभिमान असतो, आणि सातबाऱ्यावरून बहिणींची नावं कमी करून घेण्यात सगळ्यात तरबेजही आपणच.

त्याच मार्च महिन्यात कंपनी सरकारने नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं. पुढे वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याला विकायला निघालं. राज्याचं काय आणि राण्यांचं स्वतःचं काय, यावर भांडण झालं ते तेव्हा. कोणती वस्तू कुणाची, हे आधी लिहिलेलं नसलं की मग जो बळकट असतो तो ठरवतो.

म्हणून सिसीचा करार आदर्श होता का? अजिबात नाही. पैशाचं सगळं लिहिलं होतं, बाकी काहीच नाही. तिच्याभोवती कोण राहील, ती कुठे राहील, मुलं कोण वाढवील, यावर एक ओळ नव्हती. प्रमुख सेविका म्हणून सासूच्या विश्वासातली काउंटेस एस्टरहाझी नेमली गेली, ती पन्नाशी ओलांडलेली. 5 मार्च 1855 ला पहिली मुलगी झाली, आईला न विचारता नाव ठेवलं सोफी, म्हणजे आजीचंच. बाळाची खोली आजीच्या दालनांशेजारी, आईपासून लांब. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी गिझेला झाली तेव्हाही तेच. खोल्या हलवून घ्यायला सम्राटाला स्वतःच्या आईला पत्र लिहावं लागलं. 1857 मध्ये सिसीने हट्टाने दोन्ही मुली हंगेरीला नेल्या, दोघी आजारी पडल्या आणि थोरली 29 मेला बुडा इथे गेली. मग 1858 मध्ये मुलगा रुडोल्फ जन्मला तेव्हा वाद घालायचं बळच तिच्यात उरलं नव्हतं.

सासूला खलनायिका करून मोकळं होणं सोपं आहे. भेटवस्तूंच्या दुकानांतली सिसी त्याच गोष्टीवर चालते. पण ही सासू, आर्चडचेस (राजघराण्यातला किताब) सोफी, हीही अशीच, 1824 साली, बव्हेरियातून याच वाड्यात आली होती. तिला जे मिळालं नाही ते सुनेला का द्यावं, हा तिचा न्याय. आपल्याकडच्या चर्चेत सासूचा स्वभाव नेहमी पुढे येतो आणि घराची घडण मागे राहते, म्हणून हे सांगितलं.

सिसीची गाडी रुळावर आली ती अकरा वर्षांनी. रुडोल्फ सहा वर्षांचा असताना त्याला शिस्त लावायला गोंद्रेकूर नावाचा लष्करी अधिकारी नेमला होता. हा मुलाच्या खोलीत पिस्तुलाचे बार काढून त्याला जागा करी. एकदा त्याला व्हिएन्नाजवळच्या लाइन्झच्या राखीव रानात कुंपणाआड सोडलं आणि बाहेरून ओरडला, रानडुक्कर आलं! तेव्हा 27 ऑगस्ट 1865 ला सिसीने इश्लहून नवऱ्याला लेखी कळवलं. मुलांच्या बाबतीत सगळे अधिकार माझे : त्यांच्याभोवती कोण असेल, ती कुठे राहतील, शिक्षण कसं होईल, ती सज्ञान होईपर्यंत. आणि माझ्या स्वतःच्या बाबतीतही : माझ्याभोवतीची माणसं, माझा मुक्काम, घरातले बदल मीच ठरवणार. खाली सही. सम्राटाने ते मानलं, गोंद्रेकूर गेला, त्याच्या जागी लातूर नावाचा समंजस शिक्षक आला. 1854 च्या करारात जे सुटलं होतं तेच तिने या कागदात भरून काढलं. फक्त त्यासाठी मधली अकरा वर्षं आणि एक मूल गेलं.

पैशाच्या बाबतीत ती पुढे भलतीच पक्की निघाली. 1875 मध्ये आधीचा सम्राट फर्डिनांड वारला, त्याची मोठी संपत्ती फ्रान्झ योसेफकडे आली, तेव्हा तिची वार्षिक रक्कम तीन लाखांवर गेली आणि वर वीस लाख गुल्डन एकरकमी मिळाले. रेल्वेचे आणि डॅन्यूबवरच्या बोट कंपनीचे शेअर, टोपणनावाने उघडलेली बचतीची खाती, स्वित्झर्लंडमध्ये ठेव. 10 सप्टेंबर 1898 ला जिनिव्हात लुकेनी या इटालियन अराजकवाद्याने कानस घुसवून तिला मारलं, तेव्हा मृत्युपत्र तयार होतं. गिझेला आणि तिच्या नंतर झालेली मारी व्हालेरी या दोन्ही मुलींना दोन-दोन पंचमांश, रुडोल्फच्या मुलीला एक पंचमांश. नवऱ्याच्या देशाबाहेर ठेव ठेवणारी सम्राज्ञी प्रेमकथेत शोभत नाही, म्हणून ही सिसी चॉकलेटच्या डब्यावर दिसत नाही.

आता आजच्या ऑस्ट्रियाकडे. इथली दिवाणी संहिता 1811 ची. पुरुष कुटुंबाचा प्रमुख, हे तिच्यातलं वाक्य 1975 च्या सुधारणेने, 1 जानेवारी 1976 पासून गेलं. म्हणजे युरोप पुढारलेला वगैरे म्हणताना तारीख विसरू नये. स्त्रीधन, त्यावरची नवऱ्याची भर आणि सकाळची भेट ही कलमं तर 2010 पर्यंत पुस्तकात होती. आणि एक गोष्ट अजूनही आहे, जी ऐकून आपल्याकडचे वकील खुर्चीतून उठतील. कलम 1220 प्रमाणे लग्न करणाऱ्या अपत्याजवळ संसार मांडण्याइतकं स्वतःचं नसेल, तर आईवडिलांनी ऐपतीप्रमाणे द्यावं असा त्या अपत्याचा हक्क आहे. मुलाचाही, मुलीचाही. न्यायालयं साधारण पालकांच्या वार्षिक निव्वळ उत्पन्नाच्या 25 ते 30 टक्के धरतात. एकदाच मिळतं, दुसऱ्या लग्नाला नाही. पालकांना न कळवता किंवा त्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं आणि त्यांच्या नापसंतीला रास्त कारण होतं असं न्यायालयाला पटलं, तर मिळत नाही.

भारतात जे देणं गुन्हा, ते इथे पोरांचा दावा. हे वाचून हुंडा कायदेशीर करा म्हणणारे खूश होतील, तर त्यांना थांबवतो. इथला दावा अपत्याचा आहे, जावयाचा नाही. नवऱ्याला किंवा सासूसासऱ्यांना त्यात काहीच मागता येत नाही. शिवाय इथे संसारात दोघांची मालमत्ता मुळात वेगवेगळी असते, घटस्फोटात वाटणी होते ती राहतं घर, वापराच्या वस्तू आणि संसारात साठवलेला पैसा यांची. दिलेलं ज्याचं त्याच्याच नावावर राहतं, यातली हीच गोष्ट घेण्यासारखी आहे.

आणि तेवढ्यासाठी आपल्याला नवा कायदा नकोच. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम 6 मध्ये लिहिलंय की वधूच्या निमित्ताने दुसऱ्या कुणाच्या हाती गेलेलं तीन महिन्यांत तिच्या स्वाधीन करायचं. आणि 1985 च्या नियमांप्रमाणे न मागता दिलेल्या भेटींची लेखी यादी हवी : वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. वधूला मिळालेल्याची यादी वधूकडे राहते. अशी यादी असलेलं लग्न तुम्ही किती पाहिलंत? आपल्याकडे बैठकीत याद्या होतात, त्यांना हळदकुंकू लागतं, पण त्यात हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, मानपानाच्या साड्या किती, एवढंच. दोन घरांतला तो व्यवहार. मुलीचं काय, हे सांगणारी ओळ त्यात नसते.

यादी केली तरी चुका ठरलेल्या. ‘हार 1, बांगड्या 4’ असं लिहितात, वजन आणि कॅरेट नाही, मग वर्षभराने तोच हार निम्म्या वजनाचा परत येतो. सराफाची पावती बापाच्या नावावर असते, ती मुलीच्या नावावर करून घ्यावी. गाडीचं आरसी बुक जावयाच्या नावावर, आणि ‘आम्ही मुलीला दिली’ म्हणायचं. लॉकर सासू आणि मुलाच्या जोडनावावर, किल्ली सासूकडे. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं की स्त्रीधन बाईचंच, सासरच्यांनी अडकवलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा. पण काय अडकवलं हे दाखवायला कागद लागतो. कायद्याचा गैरवापर होतो असं ओरडणाऱ्या वरपक्षालाही याच यादीचा आधार आहे, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या कागदावर कुणाला ऐनवेळी शंभर तोळे वाढवता येत नाहीत.

परदेशातल्या बहिणींसाठी एक वेगळी गोष्ट. भावाचा फोन येतो, फक्त मुखत्यारपत्र पाठव, हक्कसोडाचं मी बघतो. पाठवायचंच तर सर्वसाधारण मुखत्यारपत्र कधीही नको. एकाच कामाचं करा, गट नंबर आणि गाव लिहून, विक्रीचा किंवा गहाणाचा अधिकार वगळून. वकिलातीत साक्षांकित करून घ्या, किंवा इथल्या नोटरीकडे सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला, घ्या. महाराष्ट्रात कागद पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे, इथेच बहुतेक कागद रखडतात. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि त्याचा मसुदा सहीआधी मागवता येतो. बदल्यात काही ठरलं असेल, आईच्या औषधपाण्याचा खर्च असो की घरातली एक खोली असो, ते त्याच मसुद्यात घालून घ्या. भाऊ म्हणेल, घरातल्या घरात कशाला लिहायचं. त्याला सांगा की लिहायला तर तूच सांगतोयस.