पायी की गाडीने?

कोथरूड आणि आसपासच्या परिसरात गेली बावीस वर्षे मी घरे विकून देतो आणि भाड्याने लावून देतो. माझ्या कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे छापलेले आहे, सोसायट्यांच्या वॉचमनच्या वहीत 'एजंट' असे लिहिले जाते आणि व्यवहार फिसकटला की दोन्ही बाजू मला 'दलाल' म्हणतात. भांडवल म्हणाल तर भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या एकशेचाळीस चाव्या आणि एक लाल वही. चाव्यांना चिठ्ठ्या आहेत, पण त्यांवर पत्ते नाहीत. 'वरचे लॅच खोटे', 'समोर कुत्रे', 'आजी दुपारी झोपतात' एवढेच लिहिलेले असते आणि मला तेवढे पुरते.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो, त्यामुळे कोणत्याही विषयावर सल्ला देण्याचा परवाना त्याला आपोआप मिळालेला आहे. "मामा, फोन घेणे, जाहिराती टाकणे, पाठपुरावा करणे ही कामे तुम्ही स्वतः करता म्हणून धंदा वाढत नाही. व्हर्च्युअल असिस्टंट ठेवा," असे त्याने ऐन जेवणाच्या ताटावर सांगितले. हा सहायक दूरच्या गावी आपल्या घरी बसून काम करतो, त्याला खुर्ची लागत नाही, दोन वेळचा चहा लागत नाही आणि बसायला जागा नसलेल्या माझ्या ऑफिसात तो कधी येतही नाही, हे ऐकल्यावर मी विरघळलो.

सहायक पुरवणाऱ्या एका कंपनीने मला अमरावतीची एक बी.कॉम. झालेली मुलगी दिली. रोज चार तास ती माझे काम पाहणार होती. पहिल्याच दिवशी तिने अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, तुमच्या कामाची पद्धत लिहून द्याल का? म्हणजे मला तशीच पुढे नेता येईल." बावीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी रात्री लाल वही पुढ्यात घेऊन बसलो, दोन कप चहा झाला आणि बारा वाजता कागदावर तीन वाक्ये होती: 'फोन येतो. घर दाखवतो. होते किंवा होत नाही.' आमच्या हिने ती वाचली आणि यात आपल्या लग्नाचेही सगळे वर्णन आले आहे, असे सांगून ती झोपायला गेली.

खरी परीक्षा जाहिरातींपासून सुरू झाली. आमच्या धंद्याची एक भाषा आहे आणि ती बोलणारा व ऐकणारा दोघेही मनातल्या मनात तिचे भाषांतर करून घेतात, म्हणून ती चालते. 'हवेशीर' म्हणजे पाचवा मजला आणि लिफ्ट बंद. 'शांत परिसर' म्हणजे रिक्षा आत यायला तयार होत नाही. 'मालक अतिशय सज्जन' म्हणजे मालक अमेरिकेत आहेत. हे सारे मी वर्षानुवर्षे बिनदिक्कत लिहीत आलो होतो, परंतु अमरावतीच्या मुलीला हे भाषांतर येत नव्हते आणि तिच्यापुढे जाहिरातीचा तक्ता होता, ज्यातला एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही अशी तिला शिकवण होती.

"सर, 'वनाज मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असे तुम्ही लिहिले आहे. पायी की गाडीने?"

मी म्हणालो, "तसे काही नसते. पाच मिनिटे म्हणजे जवळ."

"मग पायी लिहू?"

"नको, नुसते पाच मिनिटे लिही."

"पण सर, रकान्यात दोनच पर्याय आहेत."

'निगोशिएबल म्हणजे किती?' हा तिचा पुढचा प्रश्न होता. गिऱ्हाईकाने विचारेपर्यंत अजिबात नाही आणि विचारल्यानंतर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, हे तत्त्व मी तिला समजावले आणि तिने ते शब्दशः टिपून घेतले.

क्षेत्रफळाच्या बाबतीत तर मी तिच्यापुढे पुरता उघडा पडलो. वास्तविक २०२३ साली महारेराने, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, आम्हा एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली, तेव्हा मी पन्नाशी ओलांडून पुन्हा विद्यार्थी झालो होतो. पहाटे उठून कार्पेट एरियाची व्याख्या पाठ केली होती: बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, आतल्या भिंती मात्र धरायच्या. परीक्षा पास झालो, पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी एका पार्टीला जुन्या सवयीने 'नऊशे स्क्वेअर फूट' असे सांगून मोकळा झालो. सहायिकेने कागद मागवून पाहिले आणि विचारले, "काका, कार्पेट ६४० आहे. उरलेले २६० कुठे आहेत?" थोडे जिन्यात, थोडे लिफ्टमध्ये आणि राहिलेले बिल्डरच्या मनात, असे उत्तर मला द्यावे लागले. 'सर'चे 'काका' मी कधी झालो ते लक्षात आले नाही, बहुधा तेव्हाच.

तिने जाहिरात खरीखुरी लिहिली. 'कार्पेट ६४०, लिफ्ट बंद, पाणी दिवसातून दोनदा, मेट्रो स्टेशन पायी २१ मिनिटे.' मी कपाळाला हात लावला. त्या आठवड्यात फोन मात्र दुप्पट आले, आणि येणारा प्रत्येकजण जिना चढायच्या तयारीने आला. या गोष्टीचा मला अजून थोडा राग आहे.

त्यानंतर तिने माझ्या सगळ्या गिऱ्हाईकांची 'हॉट', 'वॉर्म' आणि 'कोल्ड' अशी प्रतवारी केली. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ 'कोल्ड' ठरले आणि यादीतून बाहेर गेले. तिचे चुकले नव्हते. हे गृहस्थ २०१३ पासून माझ्याबरोबर फ्लॅट पाहतात आणि घेत नाहीत. दुसरे कोणी चित्रप्रदर्शनाला जाते तसे ते दर रविवारी फ्लॅटला जातात, नळ सोडून पाहतात, खिडकीतून दिशा ठरवतात आणि माझ्याकडून चहा घेऊन घरी परततात. परंतु त्यांच्या ओळखीने मला आजवर चार व्यवहार मिळाले आहेत, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? दोन रविवार निरोप गेला नाही तेव्हा ते रुसून घरी आले आणि "आमची तब्येत विचारायलासुद्धा तुम्हाला आता कंपनी लागते का?" असे आमच्या हिच्यासमोर म्हणाले. तक्त्यात त्यांच्यासाठी 'चहा' नावाची चौथी प्रत काढावी लागली.

भाड्याच्या करारांच्या कामात मात्र सहायिकेचे हात थिटे पडले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि आता ती नोंदणी घरबसल्या होते, म्हणजे मालकाच्या घरी मी यंत्र घेऊन बसतो. अमरावतीहून मसुदा तयार झाला, पाव टक्का मुद्रांक शुल्काचा हिशेब झाला, तारीख ठरली. राहिला फक्त अंगठा, आणि तो कर्वेनगरच्या ८२ वर्षांच्या मालकीणबाईंचा होता. साठ वर्षे भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र दर वेळी नकार देई. बोट धुतले, पुसले, दुसरे बोट लावले, पुन्हा पहिल्यावर आलो. "माझ्याच घरात मी नाही, असं म्हणतंय का हे?" असे विचारून त्या यंत्राकडे अशा पाहत होत्या की मलाच ओशाळल्यासारखे झाले. चाळीस मिनिटांनी डाव्या हाताचे करंगळीशेजारचे बोट सरकारला पटले. मधल्या काळात माझ्या फोनवर संदेश आला होता: 'काका, अंगठ्याची प्रगती कळवा.'

एवढ्यावर भाच्याचे समाधान झाले नाही. सहायिका चारच तास असते, मग रात्रीच्या गिऱ्हाईकांचे काय? म्हणून त्याने माझ्या नंबरावर आपोआप उत्तरे देणारी एक प्रणाली बसवली. तिसऱ्या रात्री बावधनच्या फ्लॅटसाठी एका पार्टीने तिच्याशी सत्तेचाळीस संदेशांची देवाणघेवाण केली. इतके तत्पर, इतके सौजन्यशील गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिले नव्हते. रात्री अडीच वाजता विचारलेल्या प्रश्नाला ते अडीच वाजताच उत्तर देत होते. रविवारी अकराची वेळ ठरली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चावी घेऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. समोरून अठरा वर्षांपासूनच्या ओळखीचा माझा व्यवसायबंधू इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"तुझी पार्टी आली का?" मी विचारले.

"मी मालकाला भेटायला आलोय," तो म्हणाला. "अगदी सज्जन माणूस वाटला. रात्रभर बोलत होता."

दोघांनी आपापले फोन काढले. त्याच्याही भाच्याने तेच बसवले होते. त्याचे यंत्र दलाल टाळून थेट मालक शोधत होते, माझे यंत्र थेट खरेदीदार शोधत होते, आणि दोघांनीही आपण दलाल असल्याचे सत्तेचाळीस संदेशांत एकदाही उघड केले नव्हते. आम्ही तरी याहून वेगळे काय केले असते, असे म्हणत खाली टपरीवर चहा घेतला. त्याचे पैसे आमच्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे साइड बाय साइड, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या बाजूचे, दिले.

गेल्या महिन्यात अमरावतीहून फोन आला. तिच्या भावाला पुण्यात नोकरी लागली होती आणि दोघे इकडे राहायला येणार होते. "काका, माझ्यासाठी एक घर पाहाल का? वनाजच्या बाजूला."

"अगं, आहे ना! भुसारी कॉलनीत, हवेशीर, शांत परिसर, मेट्रो स्टेशनपासून दहा..."

पलीकडे कळफलकाचा आवाज थांबला. मी फोन ठेवला, चपला घातल्या, वनाज स्टेशनच्या जिन्याखाली जाऊन घड्याळ लावले आणि भर उन्हात त्या इमारतीपर्यंत चालत गेलो. 'पायी १९ मिनिटे, सिग्नल धरून. लिफ्ट आहे, चालू आहे,' असे तक्त्यात लिहिले.

संध्याकाळी तक्ता उघडून पाहिला तर तिने आपल्या नावाची ओळ पूर्ण भरली होती. बजेट १८,०००. प्रत 'हॉट'. ब्रोकरेजच्या रकान्यात लिहिले होते, 'निगोशिएबल'.