म्हणे एचआयव्हीवाल्याला लिव्हर देणं म्हणजे लिव्हर वाया

सोसायटीच्या ग्रुपवर झाला, नातेवाइकांच्या ग्रुपवर झाला, आता आमच्या केमिस्ट लोकांच्या ग्रुपवरपण तोच मेसेज आलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एचआयव्ही असलेल्याची इम्युनिटी आधीच झिरो, लिव्हर बदललं की वरून इम्युनिटी दाबायच्या गोळ्या, म्हणजे माणूस वर्षात गेलाच समजा, मग चांगलं लिव्हर वाया का घालवायचं. आणि शेवटी फुकटचा सल्ला, की ऑपरेशननंतर एचआयव्हीच्या गोळ्या थोडे दिवस बंद ठेवा, लिव्हरला आराम मिळतो, आणि गुळवेलीचा काढा सुरू करा. कोथरूडला माझं मेडिकल आहे, ट्रान्सप्लांटवाल्यांच्या गोळ्या काउंटरवरून जातात, म्हणून लिहितोय.

"इम्युनिटी आधीच झिरो." अहो, ही 1996 च्या आधीची गोष्ट झाली, तेव्हा तीन औषधं एकत्र द्यायची ट्रीटमेंटच नव्हती. आपल्याकडे 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबायची औषधं, फुकट मिळते, ससूनला मिळते, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, टीएलडी. ती नेमाने घेतली की व्हायरस रिपोर्टमध्ये सापडत नाही इतका खाली जातो आणि सीडी4, म्हणजे इम्युनिटी चालवणाऱ्या पांढऱ्या पेशी, वर चढतात. भोसरीला 1992 पासून एड्सवर रिसर्च करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि त्याच शहरातले ग्रुप असलं फिरवतात, कमाल आहे. बरं, सीडी4 चा आकडा कमी दिसला म्हणून लगेच घाबरायचं नसतं. लिव्हर खराब झालं की प्लीहा फुगते आणि पांढऱ्या पेशी तिथेच अडकून बसतात, त्यामुळे रक्तात आकडा कमी येतो, एचआयव्ही कंट्रोलमध्ये असला तरी. म्हणूनच अमेरिकेतल्या मोठ्या स्टडीत किडनीसाठी सीडी4 200 च्या वर लागायचे आणि लिव्हरसाठी 100 च्या वर चालायचे.

"उरलीसुरली इम्युनिटी गोळ्यांनी मरते." इथेच खरी गंमत आहे. इम्युनिटी खरंच मेलेली असती तर परक्या अवयवाला विरोध कुणी केला असता? उलट एचआयव्हीवाल्यांमध्ये रिजेक्शन जास्त होतं. 2010 साली 150 किडनी पेशंटचा स्टडी आला, त्यात पहिल्याच वर्षात 31 टक्क्यांना रिजेक्शन झालं, नेहमीच्या दोन-तीन पट, आणि लिव्हरमध्येही कल तोच दिसला. म्हणजे इम्युनिटी ही टाकी नाही की एवढी भरली, एवढी रिकामी. व्हायरस दबलेला असला तरी आतली सिस्टिम थोडी भडकलेलीच राहते, काही कामात कमी पडते आणि काही कामात नको इतका जोर लावते. टॅक्रोलिमस, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतरची इम्युनिटी दाबायची मुख्य गोळी, काही सीडी4 पेशी मारत नाही, त्यांना भडकण्यापासून अडवतं. पेशी खरंच कमी करणारं औषध म्हणजे एटीजी, ते दिल्यावर सीडी4 बरेच महिने खाली राहतात, म्हणून ते डॉक्टर फार जपून वापरतात. आणि त्या स्टडीत नेहमीच्या गोळ्यांमुळे एचआयव्ही उसळून वर आला असं काही दिसलं नाही.

"वर्षात गेलाच." मेसेजवाल्याने कुठलातरी जुना आकडा ऐकला असणार. 2012 चा आकडा आहे: एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्यांपैकी लिव्हर बदलल्यावर तीन वर्षांनी 60 टक्के जिवंत, फक्त हिपॅटायटिस सी वाल्यांपैकी 79 टक्के. फरक आहे, नाही कोण म्हणतंय. पण घात मुख्यतः हिपॅटायटिस सी ने केला, तो नवीन लिव्हरमध्ये परत यायचा आणि झपाट्याने ते खराब करायचा. 2013 च्या शेवटी सोफोसबुविर आलं, आता तो गोळ्यांनी बरा होतो. इन्फेक्शनचा धोका असतोच, त्यासाठी सेप्ट्रान वगैरे चालू ठेवतात. आपल्याकडे टीबीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण टीबीचं रिफाम्पिसिन सुरू केलं की टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल धाडकन पडते.

"गोळ्या थोडे दिवस बंद ठेवा." हे मात्र जीवघेणं आहे. टीएलडीतली दोन औषधं हिपॅटायटिस बी पण दाबून ठेवतात, ज्याला तो आहे त्याने बंद केली तर नवं लिव्हरच सुजेल. आणि ज्यांच्या एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाविर आहे त्यांचं गणित अजून नाजूक. रिटोनाविर टॅक्रोलिमसला शरीरातून बाहेरच जाऊ देत नाही, त्यामुळे एरवी दिवसातून दोनदा घ्यायची टॅक्रोलिमसची कॅप्सूल काहींना आठवड्यातून एकदा, तीही अर्ध्या मिलिग्रॅमची, पुरते. आता अशा माणसाने मेसेज वाचून रिटोनाविर सोडलं तर काही दिवसांत लेव्हल तळाला आणि रिजेक्शन सुरू. ही लेव्हल पुढच्या डोसच्या आधी मोजायची असते, म्हणून तर ही मंडळी तपासणीच्या दिवशी सकाळी कॅप्सूल न घेता, खिशात घेऊन लॅबला जातात, आधी रक्त, मग कॅप्सूल. टीएलडीतल्या डोल्युटेग्रॅविरचा हा त्रास नाही, म्हणून जमेल तिथे तेच देतात.

"लिव्हर वाया." आपल्याकडे बहुतेक लिव्हर घरचंच माणूस देतं, बायको, भाऊ, मुलगी. त्यांनी कुणाला द्यावं हे ग्रुप ठरवणार का? आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा 2017 च्या कायद्याने गुन्हा... म्हणजे सरळ भेदभाव आहे, कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. अमेरिकेत तर 2016 पासून एचआयव्ही असलेल्या दात्याचं लिव्हर एचआयव्ही असलेल्या पेशंटला बसवतात.

राहिला काढा. ज्याची इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवलीय त्याला इम्युनिटी वाढवायचं काहीतरी पाजायचं, हा काय प्रकार आहे? 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेल्या पेशंटच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, तो असू दे. पण ट्रान्सप्लांटवाल्याला डॉक्टर पपनससुद्धा खाऊ देत नाहीत, त्यानेही टॅक्रोलिमसची लेव्हल वर जाते. तेव्हा ज्यांनी मेसेज टाकलाय त्या काकांनी गोळ्या बंद करायची आणि काढ्याची ओळ तरी आजच डिलीट करा, बाकीचं आपण नंतर भांडू.