प्यादं मरायला तयार नाही

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या घरी पोहे मी आणतो. इंदूरच्या रामबागेतल्या शेजारणी मला डबा घेऊन जाताना बघतात आणि अंथरुणात लोळणाऱ्या आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. हा माणूस किती घरंदाज! मी मान खाली घालून पुढे सटकतो. विनय म्हणून नव्हे, आदल्या रात्री मी हरलेलो असतो म्हणून. अकरा वर्षांच्या भाचीकडून. सलग सात शनिवार.

ज्या खेळात हरतो तो माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे. नाव ‘आर्कॉन’. 1983 साली अमेरिकेत निघाला. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईच्या मामेभावाकडे कमोडोर 64 या घरगुती कॉम्प्युटरवर मी तो पहिल्यांदा पाहिला. पाहिला असंच म्हणायला हवं, कारण जॉयस्टिक मामेभावाच्या हातातून सुटलीच नाही. सुट्टीभरात माझ्या वाट्याला दोन डाव आले. ते दोन्ही मी हरलो, पण इंदूरला परत येताना गाडीत मला पक्कं कळून चुकलं होतं की हा खेळ माझ्यासाठीच केलेला आहे. फक्त नीट संधी मिळायला हवी. माणूस संसारात पडला, पोट सुटलं, चष्मा लागला, तरी ही समजूत शाबूत राहिली.

मग या वर्षी जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घातलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि जेल रोडवरून दोन गेमपॅड आणले. बायको म्हणाली, “दोन कशाला?” मी म्हणालो, “दोघांनी खेळायचा असतो.” ती म्हणाली, “मी नाही हं.” त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या ताईची मुलगी चिऊ मैदानात उतरली. हरेल त्यानं रविवारचे पोहे-जलेबी आणायचे, ही अट घातली कोणी? मी. मोठ्या रुबाबात.

खेळ समजायला अवघड नाही, पचायला अवघड आहे. पट नऊ गुणिले नऊ घरांचा. डावीकडे उजेडाची सेना, उजवीकडे अंधाराची, प्रत्येकी 18 मोहरी. उजेडाकडे मांत्रिक, दोन एकशिंगी घोडे, दोन तिरंदाज, दोन दगडी राक्षस, दोन भालेवाल्या वाल्किरी, एक जिन, एक फिनिक्स आणि सात शिपाई. अंधाराकडे चेटकीण आणि तिचा गोतावळा: ड्रॅगन, बॅन्शी, ट्रोल, सात गॉब्लिन वगैरे. त्यात डोळ्यांतून किरण सोडणारा बॅसिलिस्क आहे. त्याला माझ्या आईनं ‘नजर लावणारी पाल’ असं नाव दिलंय आणि तो पडद्यावर आला की ती उठून आत जाते.

इथवर सगळं बुद्धिबळासारखं. म्हणूनच आमचे सासरे, आप्पा, पहिल्या शनिवारी खुर्ची ओढून बसले. आप्पा दोन गल्ल्या सोडून राहतात आणि बँकेतून रिटायर झाल्यापासून उद्यानातल्या बाकावर बुद्धिबळ खेळतात. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं: ज्यांना किल्लेकोट करता येतो ती, आणि जावई.

मी एकशिंगी घोडा चिऊच्या गॉब्लिनच्या घरात नेला. आप्पा म्हणाले, “छान. प्यादं उचला.”

“तसं नसतं आप्पा. आता लढाई होईल.”

“कसली लढाई? तुम्ही त्याच्या घरात गेलात. मेलं ते.”

“त्याला मान्य असेल तर.”

तेवढ्यात पट गायब झाला आणि पडदाभर नुसतं मैदान उरलं. अधूनमधून अडथळे उगवत होते, विरत होते. एका टोकाला माझा घोडा, दुसऱ्या टोकाला तिचा सोटेवाला गॉब्लिन. गोळी दुरून मारणारा मी, अगदी जवळ आल्याशिवाय सोटा चालत नाही तो तिचा. कागदावर निकाल लागलेला होता. माझी पहिली गोळी अडथळ्यावर फुटली, दुसरी पडद्याच्या कडेला. एका गोळीनंतर दुसरी सुटायला क्षणभर थांबावं लागतं. तेवढ्या वेळात ते ठेंगू ध्यान दुडूदुडू धावत आलं आणि माझ्या घोड्याला सोटा घालू लागलं. मी पळालो. कोपऱ्यात पळालो. कोपऱ्यात पळू नये हे मला कळत होतं, अंगठ्याला कळत नव्हतं.

“मामा, तू फिरसे मेलास!” चिऊ म्हणाली. आमच्याकडे मुलं भावना आवरेनाशी झाली की निम्मं वाक्य हिंदीतून काढतात.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “प्याद्यानं घोडा मारला. तेही घोड्याची चाल असताना.” बँकेत कुणी मुदतीआधी मुदत ठेव मोडायला आलं की त्यांचा असाच आवाज व्हायचा म्हणे.

नेमकी हीच माझी अडचण आहे. घर हेरण्यात मला तोड नाही; ते मिळवता येत नाही. राजवाड्यापाशी गाडी लावायला जागा दिसते ती आधी मलाच. गाडी त्यात असते दुसऱ्याची. लग्नाच्या पंगतीत पंख्याखालची खुर्ची मी तीन खांबांवरून ओळखतो आणि शेवटी जेवतो ते हात धुण्याच्या पिंपाजवळ. पटावर मी मल्हारराव असतो. मैदान उघडलं की आप्पा हळूच म्हणतात, “झालं महिदपूर.” बाकीच्या मराठी माणसाला पराभव म्हटला की पानिपत आठवतं. आम्हा इंदूरकरांकडे 1817 चं महिदपूर जास्तीचं आहे, आणि तिथे तर होळकरांचीच फौज होती.

खेळ करणाऱ्यांनी पट फार डोकं लावून मांडलाय. काही घरं कायमची पांढरी, काही कायमची काळी, पण बरीचशी रंग बदलत राहतात. गडद होत होत काळी, मग हळूहळू पुन्हा पांढरी. आपल्या रंगाच्या घरात लढलं तर आपलं आयुष्य वाढतं. एक दिवस चिऊला हे समजावताना मी म्हणालो, “सराफा बघ. दिवसा त्या घरांवर सोन्याचांदीवाल्यांचं राज्य. रात्री दुकानं मिटली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि साबुदाणा खिचडी. जागा तीच, राज्य दुसऱ्याचं. म्हणून वेळ बघून हल्ला करायचा.” चिऊला हे इतकं पटलं की तिनं त्याच रात्री रंग बदलणारी सगळी घरं काळी होईपर्यंत नुसता टाइमपास केला आणि मग माझी एका मागून एक पाच मोहरी खाल्ली. वर म्हणाली, “मामा, सराफा खुल गया.” शिकवणाऱ्यानं थोडं राखून शिकवावं, हे आमच्या शास्त्रीय संगीतातले जुने लोक उगीच पाळत नव्हते.

तिची लाडकी बॅन्शी. ही बया नेमबिम काही धरत नाही. किंचाळते, आणि आसपास जो असेल त्याला लागतं. चिऊही सोबत किंचाळते. ते नियमात नाही, पण परिणाम दुप्पट होतो. दुसरा तिचा बहुरूपी. त्याला स्वतःचं रूपच नाही. आपण ज्या मोहऱ्यानं भिडावं तेच होऊन तो समोर उभा राहतो. माझ्या फिनिक्सला तिच्या फिनिक्सनं जाळलं, त्या दिवशी आईनं आतून विचारलं, “आज कोण गेलं रे?” मी म्हणालो, “मीच. दोन्हीकडून.”

मंत्रही आहेत. सात. मांत्रिकाला प्रत्येक मंत्र डावात एकदाच. मेलेलं मोहरं जिवंत करा, शत्रूला जेरबंद करा, दोन मोहऱ्यांची अदलाबदल करा. मी ते जपून ठेवतो. कठीण वेळ येईल तेव्हा लागतील. बायकोनं लग्नातला डिनर सेट असाच जपून ठेवलाय. मांत्रिक मरतो तेव्हा माझे सरासरी सहा मंत्र शिल्लक असतात.

मांत्रिक मेल्यावर खेळ संपत नाही, यावरून आप्पांचा आणि माझा खरा खटका उडाला. “राजा गेला तरी डाव चालू? मग लढताय कशासाठी?”

मी म्हणालो, “आप्पा, 1948 साली होळकरांचं राज्य विलीन झालं. इंदूर बंद पडलं का?”

यावर ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री दहीही घेतलं नाही.

जिंकायचं कसं, तर समोरचं सगळं सैन्य संपवायचं किंवा पटावरची पाच शक्तिस्थानं एकाच वेळी काबीज करायची. चार बाजूंच्या मध्यावर एकेक, पाचवं पटाच्या मधोमध. तिथे मंत्र चालत नाही. हे सगळं जॉन फ्रीमन आणि पॉल राइश तिसरे या दोघांनी आखलं आणि प्रोग्रॅम लिहिला अ‍ॅन वेस्टफॉल यांनी. फ्रीमन आणि वेस्टफॉल नवरा-बायको. हे मी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, “वाटलंच. लोकांपुढे पटावर गोड चाली, आणि आत गेल्यावर दार लावून भांडण.”

आठवा शनिवार. त्या रात्री मी खरोखर चांगला खेळलो. हे कुणीच सांगणार नाही म्हणून मलाच लिहावं लागतंय. चार शक्तिस्थानं माझ्या ताब्यात. चेटकीण गेलेली. पाचव्या, मधल्या घरात चिऊचा शेवटचा गॉब्लिन. घर उजळत पांढरंशुभ्र झालेलं, म्हणजे वेळही माझी. आणि ऐन वेळी माझ्या अंगठ्यात गोळा आला. व्यंकटेशाची शपथ, खरोखरचा गोळा. गेमपॅड मांडीवर पडला.

“आणा इकडे,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, ते…”

“शिपाई पाठवा. प्याद्यासमोर प्यादं. उगीच मोठी मोहरी नाचवू नका.”

मी शिपाई मधल्या घरात सरकवला आणि गेमपॅड त्यांच्या हातात दिला. मैदान उघडलं. आप्पा इकडेतिकडे पळाले नाहीत, अडथळे बघितले नाहीत, नेम धरला नाही. सरळ गॉब्लिनकडे चालत गेले आणि बटण दाबलं. दाबलं म्हणजे सोडलंच नाही. टक टक टक टक, अखंड, चेहऱ्यावरची माशी न हलवता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं चाळीस वर्षं इंदूरच्या रस्त्यांवर स्कूटर चालवली आहे. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी, झाल्यावर, आणि पुढे कुणी नसतानाही हॉर्न वाजवलाय. असा अंगठा जेल रोडवर मिळत नाही.

चिऊनं बराच सोटा चालवला. मग पडद्यावर गॉब्लिन नव्हता.

“आजोबा!” चिऊ ओरडली, “हे चीटिंग आहे! डाव मामाचा होता!”

“डाव जावईबापूंचाच,” आप्पा चष्मा पुसत म्हणाले. “मी फक्त वसुली केली.”

मी जिंकलो होतो. आठ शनिवारांत पहिल्यांदा. बायकोला हाक मारून सांगितलं, आईला उठवून सांगितलं, ताईला वर फोन करून सांगितलं. उद्या पोहे चिऊ आणणार. मी सकाळी नऊपर्यंत झोपणार, चादर डोक्यावरून घेऊन.

फोनवर ताई म्हणाली, “अरे, एवढ्या सकाळी ती एकटी कशी जाईल? रस्ता ओलांडायचाय. तू सोबत जा ना.”

सकाळी सात वाजता आम्ही निघालो. डबा चिऊनं धरला होता, हरलेल्यानं धरायचा म्हणून. दुकानासमोर गाडी लावायला एकच जागा दिसली. अर्थात मलाच आधी दिसली. मी वळेपर्यंत तिथे एक स्कूटर येऊन उभी राहिली. चालवणाऱ्यानं हेल्मेट काढलं, डबा काढला आणि हात हलवला.

“या या, जावईबापू,” आप्पा म्हणाले. “माझ्या पोह्यांवर जिरावण मसाला जास्त घालायला सांगा. आणि पैसे द्या.”