‘शेक घेणाऱ्याजवळ जाऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

खान्देशातल्या व्हॉट्सॲप गटांवर कॅन्सरच्या शेकाबद्दल, म्हणजे रेडिएशनबद्दल, एक मेसेज सारखा फिरतो. सारांश असा: शेक घेतलेल्याच्या अंगातून महिनाभर किरणं निघतात, म्हणून लेकरं आणि गरोदर बाई लांब ठेवा, ताट-अंथरूण वेगळं करा. शेकानं कातडी जळते, तिच्यावर हळद-तेलाचा लेप द्या. आणि गाठ बसली की दहा-बारा शेकांवर थांबा, नाहीतर कॅन्सर पसरतो.

‘अंगातून किरणं निघतात’

शेक देणाऱ्या लिनॅक या मशीनमध्ये किरणं विजेवर तयार होतात. प्रचंड वेगाचे इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळले की एक्स-रे निघतात. वीज बंद, किरणं बंद. कोबाल्ट मशीनमध्ये कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ असतो खरा, पण तो मशीनच्या जाड कवचातच राहतो, रुग्णाला त्याचा स्पर्शही होत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आतून शेक देतात, त्यात बहुतेक ठिकाणी इरिडियम-192 चा बारीकसा तुकडा तारेच्या टोकावर नळीतून आत जातो आणि ठरलेल्या मिनिटांनी मशीनच्या तिजोरीत परत येतो. बाई खोलीबाहेर आली तेव्हा तिच्या अंगात काहीच उरलेलं नसतं.

तंत्रज्ञ मात्र बाहेर का पळतात, असं लोक विचारतात. रुग्णाला त्याच्या वाट्याचा डोस मिळायचा असतो. तंत्रज्ञ आत थांबला तर दिवसभरातल्या प्रत्येक रुग्णाबरोबर त्यालाही विनाकारण मिळेल.

अपवाद आहेत. थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडीन-131 पोटात देतात, तेव्हा किरणं खरोखर अंगातून निघतात. म्हणून रुग्णालय स्वतंत्र खोलीत ठेवतं आणि घरी सोडताना किती दिवस लांब राहायचं ते सांगतं. प्रोस्टेटमध्ये कायमचे किरणोत्सारी दाणे बसवले तरी अशाच सूचना मिळतात. हे नियम मशीनवर शेक घेणाऱ्या आजोबांना लावू नका. नातू मांडीवर बसू द्या, ताट एकच चालेल.

‘कातडी जळते, लेप द्या’

शेक लागतो तेवढ्या भागाची कातडी दोन-तीन आठवड्यांनी लाल होते, काळवंडते, कधी सोलते. केसही त्याच भागातले जातात. स्तनाच्या शेकानं डोक्यावरचे जात नाहीत. पण शेकाआधी हळद-तेलाचा जाड थर दिला तर वरच्या कातडीला डोस वाढतो, आणि मापासाठी काढलेल्या खुणा पुसल्या जातात. साध्या कोमट पाण्यानं आंघोळ करा, न घासता टिपा, मलम डॉक्टर देतील तेच लावा. बर्फ, गरम पिशवी, वस्तरा नको. आपल्याकडे वैशाखात पारा 45 अंशांवर जातो. घामानं खूण पुसट झाली तर घरी पेनानं गिरवू नका, विभागात दाखवा. मानेला शेक चालू असेल तर खरखरीत उपरणं गळ्यात नको. ऊन टाळायला छत्री घ्या.

‘दहा-बारा पुरे’

सगळ्या मेसेजात घातक ओळ हीच आहे. एक ग्रॅमच्या गाठीत सुमारे 100 कोटी पेशी असतात. 2 ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) एक शेक ढोबळमानानं निम्म्या पेशी मारतो असं धरा. 10 शेकांनंतर सुमारे 10 लाख उरतात, 20 नंतर हजारभर, 30 नंतर एखादी. पहिल्या दहांनंतर गाठ हाताला लागेनाशी होऊ शकते, पण ते 10 लाख तिथेच असतात. म्हणून तोंडा-घशाच्या कॅन्सरला बहुधा 33 ते 35 शेक, आठवड्याला पाच, असे साडेसहा-सात आठवडे चालतात. एकदम का देत नाहीत? कारण दोन शेकांमधल्या तासांत निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही.

अर्धवट सोडलं की उरलेल्या पेशी आणखी वेगानं वाढतात, साधारण चौथ्या आठवड्यापासून तर जास्तच. मग गाठ पुन्हा उठते आणि गावात बोललं जातं, शेकानं पसरला! गर्भाशयमुखाचा सगळा उपचार, आतला शेक धरून, 8 आठवड्यांत संपवायचा असतो. त्यापुढच्या दर दिवसाला आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे 1 टक्क्यानं घटते. आखाजीला माहेरी, कानबाईला गावी, कापूस वेचायला आठवडाभर, असे दिवस जातात तेव्हा हा हिशेब डोळ्यासमोर ठेवा. (हाडाच्या दुखण्यासाठी कधी एकच 8 ग्रेचा शेक देतात. तो वेगळा हेतू आहे, त्याकडे बोट दाखवून आपला थांबवू नका.)

तोंडा-घशाच्या शेकात थांबावंसं वाटतं ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात, तोंड आलं की. त्याची तयारी आधी करा. किडलेले दात शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका आयुष्यभर राहतो. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा, अशा पाण्यानं दोन-दोन तासांनी गुळण्या करा. शेवभाजी, ठेचा, तिखट भरीत बंद. दुधात कुस्करलेलं केळं, मऊ खिचडी, मऊ अंडं चालेल. वजन फार उतरलं तर शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून बसवलेला चेहऱ्याचा मास्क सैल होतो, नेम चुकतो आणि नवा मास्क, नवं सीटी, नवं प्लॅनिंग करण्यात दिवस जातात. म्हणूनच डॉक्टर अन्न देण्यासाठी नाकातून नळी सुचवतात. ती घालणं म्हणजे शेवट आला असं नाही. गुटखा-बिडी चालू ठेवली तर शेकाचा परिणाम कमी होतो आणि तोंड जास्त येतं.

धडगाव-अक्कलकुव्याहून रोज ये-जा होत नाही, हे खरं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, आणि रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे. प्रमाणपत्राचा नमुना रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मागा. गाडी चुकली, ताप आला, घरात कोणी गेलं तर त्याच दिवशी विभागात फोन करा. एखाद-दुसरा बुडालेला शेक शनिवारी, किंवा एकाच दिवशी किमान 6 तासांच्या अंतरानं दोन देऊन भरून काढता येतो. दहा दिवसांनी परत आल्यावर तेवढे दिवस भरून काढायला शनिवार उरत नाहीत.