तीन पदकं एकीकडे, ग्रिलो एकीकडे

स्लोव्हेनियाचा स्नोबोर्डर झान कोशिरकडे ऑलिम्पिकची तीन पदकं आहेत. 2014 ला सोचीत पॅरलल स्लॅलमचं (दोघं शेजारच्या वाटांनी खांबांना वळसे घेत उतरतात ती शर्यत) रौप्य आणि जायंट स्लॅलमचं (तीच, पण वळसे लांब) कांस्य, 2018 ला प्योंगचांगमध्ये पुन्हा कांस्य. तरी स्नोबोर्डिंगचे व्हिडिओ बघणाऱ्यांच्या तोंडी नाव असायचं ते त्याच देशाच्या, उड्या-गिरक्यांच्या फ्रीस्टाइलवाल्या मार्को ग्रिल्त्सचं, म्हणजे आपल्या ‘ग्रिलो’चं. लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. कोशिरचं कसब कॅमेऱ्यात दिसतच नाही, खरी गोम तिथे आहे.

जायंट स्लॅलमचा बोर्ड पुरुषांसाठी 180 सेंटीमीटरच्या आसपास, अरुंद आणि ताठ. बूट स्कीसारखे कडक, दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवलेले. सगळा खेळ बोर्डाच्या कडेचा. कड लवकर रोवली तर गेट, म्हणजे वळसा घ्यायचा खांब, येईपर्यंत वळण जवळपास उरकलेलं असतं आणि वेग टिकतो. उशीर झाला की बोर्ड आडवा घसरतो, बर्फाचा फवारा उडतो आणि वेळ जातो. आता रीलमध्ये भारी काय दिसतं? तोच फवारा! चूक देखणी आणि बिनचूक वळण कंटाळवाणं. त्यात हारजीत सेकंदाच्या शंभराव्या भागात, ती डोळ्यांना कळणार कशी?

फ्रीस्टाइलचा बोर्ड 150 ते 158 सेंटीमीटरचा, बूट मऊ, पाय बदकासारखे फाकलेले. उडी, गिरकी, हाताने बोर्ड पकडणं, उतरणं, सगळं पाच सेकंदांत. ग्रिलोने ‘ग्रिलोसोड्स’ या वेब मालिकेत त्याला प्रवास आणि मित्रांची टिंगलटवाळी जोडली. रील हा शब्द घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी. नोव्हेंबर 2021 मध्ये ऑस्ट्रियातल्या सोल्डनला अपघातात तो गेला, अवघ्या 38 व्या वर्षी. स्नोबोर्डिंगच्या जगात किती लोक हळहळले, तेव्हा कळलं.

असं चित्रण सोपं नसतं बरं का. कॅमेरावाला स्वतः बोर्डवर, तीन-चार मीटर मागे, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. फार वाइड लेन्स लावली की उतार सपाट वाटतो आणि मोठी उडी खेळण्यातली दिसते. ऑटोवर सोडलं तर पांढरा बर्फ राखाडी येतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते, जादाची आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायची. आणि लँडिंग फ्रेमबाहेर गेलं तर तो शॉट फुकट.

उलट स्लोव्हेनियातल्या रोग्लाच्या शर्यतीचे तुकडे बघा: लांबचा उंच कॅमेरा, दोन ठिपके, खाली आकडे. 2022 ला बीजिंगमध्ये टिम मास्तनाकने रौप्य, ग्लोरिया कोत्निकने कांस्य आणलं, तरी मांडणी तीच. एक कॅमेरा उतार एकदम वाढतो त्या गेटपाशी, कुंपणाबाहेर, जमिनीलगत ठेवा ना. धड बर्फाला टेकेल इतकं कललेलं दिसू द्या. आणि कड बर्फ कापते तेव्हाचा तो कर्रर्र आवाज राहू द्या, त्यावर डीजे कशाला?