गाइया काही गरीब गाय नव्हती

ग्रीक पुराणातली धरणीदेवी गाइया म्हटलं की हल्ली एकच चित्र फिरतं. केसांत वेली, कुशीत हिरवीगार पृथ्वी, चेहऱ्यावर मंद हसू. हे चित्र काढणाऱ्यांनी हेसिओड उघडूनही पाहिलेला नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेसिओड इ. स. पूर्व ७०० च्या आसपासचा कवी. बायकांबद्दल त्याचं मत अजिबात बरं नव्हतं. पहिल्या बाईच्या, पँडोराच्या गोष्टीत तो जे तोंडसुख घेतो ते वाचवत नाही. पण याच गृहस्थाने 'थिओगनी'त देवांची वंशावळ मांडताना सगळी सूत्रं एका बाईच्या हाती दिली आहेत. आधी केऑस, म्हणजे नुसती पोकळी. मग गाइया. आकाश, डोंगर, समुद्र तिने एकटीने जन्माला घातले. पुढे त्याच आकाशाशी, उरानोसशी संसार मांडला. तो झालेली पोरं परत तिच्याच पोटात कोंबू लागला. ती कण्हली, पण कण्हत बसली नाही. करड्या, अभेद्य धातूचा दातेरी कोयता घडवला आणि पोरांपुढे बेत मांडला. सगळ्यांची बोबडी वळली. धाकटा क्रोनोस तेवढा तयार झाला. तिने त्याला दबा धरून बसवलं, कोयता हातात दिला आणि सगळा डाव नीट समजावला. रात्री उरानोस आला आणि त्याचं पौरुष कापलं गेलं. सांडलेलं रक्तही हिने वाया जाऊ दिलं नाही; त्यातून सूड घेणाऱ्या एरिनी जन्मल्या.

क्रोनोसही बापाच्याच वळणावर गेला, पोरं गिळू लागला. पुन्हा गाइयाच. नातू झ्यूसला तिने क्रीटमध्ये लपवलं आणि क्रोनोसच्या घशात दुपट्यात गुंडाळलेला धोंडा गेला. तो धोंडा म्हणे पुढे डेल्फीच्या देवस्थानात होता. पॉसानिअस नावाच्या प्रवाशाने इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय की त्यावर रोज तेल ओतत. आपल्या मारुतीसारखंच!

पुढे क्रोनोसला हरवून झ्यूस जिंकला, तर हिने त्याच्याविरुद्ध शंभर सर्पमुखांचा टायफॉन जन्माला घातला. टायफॉन हरला, तेव्हा झ्यूसला राजा करा असा सल्लाही हिनेच दिला. बायको मेटिसला होणारा मुलगा तुला उलथवेल, हा इशाराही हिचा (आणि उरानोसचा). झ्यूसने मेटिसलाच गिळलं. दोन सत्ता पाडणाऱ्या बाईला 'प्रेमळ धरणीमाता' म्हणणं हा मला तिचा अपमान वाटतो.

पण म्हणून 'पूर्वी तिकडे मातृसत्ता होती' असं काही जण म्हणतात, तेही पटत नाही. पुराणकथा म्हणजे खानेसुमारी नव्हे. अथेन्सच्या लोकशाहीत बायकांना मत नव्हतं, अथेना देवीची एवढी भक्ती असूनही.

माझी लाडकी मात्र निक्स, म्हणजे रात्र. मृत्यू, झोप, म्हातारपण, भांडण ही हिची बिनबापाची लेकरं. होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या चौदाव्या सर्गात झोपेचा देव हिप्नोस झ्यूसच्या राणीला, हेराला जुनी आठवण सांगतो. तिच्या सांगण्यावरून त्याने एकदा झ्यूसला झोपवलं होतं. जागा झाल्यावर झ्यूस त्याला समुद्रात भिरकावणार, तोच हा निक्सकडे पळाला. चिडलेला झ्यूस तिथे थांबला, कारण तिची खप्पामर्जी त्याला नको होती. देवांचा राजा आणि एवढा दचकून!

पुन्हा ते काम नको रे बाबा, असं हिप्नोस हेराला सांगत होता. तिने पासिथेआ नावाच्या देवीशी लग्न लावून द्यायचं कबूल केल्यावर गडी लगेच तयार झाला, तो भाग वेगळा.