म्हाताऱ्या उंदराला मीठपाणी पाजू नका, तो मेसेज खोटा आहे

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी सव्वासातला भाचीचा फोन आला. "मावशी, चिमी एका अंगाला पडालीय, डोळ्यातनं रक्त येतंय, आक्का म्हणत्यात आज काय ती राहत नाही, तू ये गं लवकर." चिमी म्हणजे तिने पाळलेली पांढरी उंदीर, सव्वादोन वर्षांची. कोल्हापुरात राजारामपुरीतनं मंगळवार पेठेत पावसातनं पोचायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात घरच्यांनी व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज बघून तिला दोन चमचे मीठपाणी पाजलं होतं. पिंजरा गॅलरीत नेऊन ठेवलेला, वर पोतं टाकलेलं, आत खायची वाटी नाही, पाण्याची बाटली काढून घेतलेली, आणि चिमीच्या छातीतनं घर्रघर्र आवाज येत होता.

घरच्यांवर माझा राग नाही. आक्कांनीच (ताईच्या सासूबाई) त्या उंदराला भाकरीचा पापुद्रा भरवून मोठं केलंय, पाजताना त्यांचे हात थरथरत होते असं भाची सांगते. राग त्या मेसेजवर आहे. तोच मेसेज त्याच दिवशी मला आणखी दोन ग्रुपवर दिसला, खाली पंधरा-वीस हात जोडलेले आणि "उपयुक्त माहिती". त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते: पाळीव उंदराच्या डोळ्यातून किंवा नाकातून रक्त आलं म्हणजे विषबाधा नाहीतर प्लेग, तो 24 तासांत मरतो; मीठपाणी पाजून उलटी काढा; तापाची पाव गोळी द्या; अन्नपाणी बंद करून बाहेर अंधारात ठेवा, त्यातनं जगला तर तळ्याकाठी नाहीतर शेतात सोडा; चावला तर रेबीज होतो; आणि दोन वर्षांवरच्या उंदराला औषध म्हणजे पैसे वाया.

आधी मीठपाणी, कारण जीव त्यानं जातो. उंदराला उलटी होत नाही. कमी होते, अवघड जाते असं नाही, होतच नाही. जठर आणि अन्ननलिकेच्या मधलं दार फार घट्ट असतं आणि उलटीसाठी पोट, छातीखालचा पडदा आणि मेंदू यांनी मिळून जे काम करावं लागतं ती जोडणीच त्याच्या अंगात नाही. हे मी मनाचं सांगत नाही. 2013 साली प्लॉस वन या संशोधनपत्रिकेत यावर अख्खा अभ्यास छापून आलाय. त्यात उंदीर, गिनीपिग, बीव्हर अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वेगवेगळ्या गटांना, इतर प्राण्यांना हमखास उलटी होते अशी औषधं देऊन बघितली, एकालाही उलटी झाली नाही. पोटात गेलेलं त्याला परत बाहेर टाकता येत नाही, उंदीर मारायची औषधं त्याच्यावर एवढी चालतात त्यामागं हेही एक कारण आहे. आणि ज्या प्राण्याला उलटी होऊच शकत नाही त्याची उलटी काढायला सांगणारा माणूस लोकांना उपचार शिकवतोय!

बरं, निदान उपयोग नाही तर नाही, नुकसान तरी नको? चिमीचं वजन 280 ग्रॅम. एक चमचा म्हणजे 5 मिली. साठ किलोच्या माणसाचा हिशोब लावला तर एका चमच्याला लिटरभर पाणी होतं, तिला दोन चमचे पाजले, म्हणजे मान वाकडी झालेल्या आणि धड गिळता न येणाऱ्या माणसाला पाठोपाठ दोन लिटर मिठाचं पाणी ओतल्यासारखं झालं. त्यातलं थोडं तरी श्वासनलिकेत जाणारच, घर्रघर्र आवाज त्याचाच होता. मी तिला मऊ पंचात धरलं, पोट खाली, डोकं जरा उंच, तोंड-नाक पुसलं आणि तासभर तिच्या तोंडात कुणाला काहीही घालू दिलं नाही. आवाज दुपारपर्यंत कमी झाला. ते नशीब होतं, माझं कसब नव्हतं.

खरंच विष खाल्ल्याचा संशय असेल, घरात कुठं औषध ठेवलं असेल, तर ते पाकीट घ्या आणि प्राण्याबरोबर डॉक्टरकडं जा. रक्त न गोठू देणारं विष असेल तर त्यावर व्हिटॅमिन के 1 आहे, पण पाकिटावरचं नाव बघितल्याशिवाय डॉक्टर तरी काय देणार.

आता ते "रक्त". उंदराच्या डोळ्याच्या मागं हार्डेरियन नावाची ग्रंथी असते, तिच्यातनं एक तांबूस स्राव येतो, त्यात पॉर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. चांगला धडधाकट उंदीर दिवसभर तोंड धूत बसतो त्यामुळं आपल्याला ते दिसत नाही. आजारी पडला, घाबरला, कुठं दुखायला लागलं की स्राव वाढतो आणि तोंड धुणं थांबतं, मग डोळ्याभोवती आणि नाकाशी लाल-तपकिरी खपली दिसायला लागते. म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढाच त्याचा अर्थ, आणि एवढं कळलं तरी मोठी मदत आहे. रक्त नाही, प्लेग तर नाहीच. प्लेग पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्येच दाखवून दिलंय आणि घरातल्या पिंजऱ्यात दोन वर्षं असलेल्या, अंगावर एक पिसू नसलेल्या उंदराला तो कुठनं होणार.

आक्कांचा काही विश्वास बसेना. दाजींचं गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दुकान आहे, तिथं नोटा तपासायचा निळा दिवा असतो, तो दाजी दुपारी घरी घेऊन आले. भाचीनं ओल्या कापसानं चिमीचा डोळा हळूच पुसला, कापसावर गंजासारखा डाग आला, बाथरूममध्ये दिवा बंद करून त्यावर निळा उजेड टाकला तर डाग गुलाबी-लाल चमकायला लागला, निखारा फुंकल्यावर होतो तसा. मग दाजींनी आदल्या दिवशी दाढी करताना कापलेल्या जागेवरची कापसाची बोळी आणली. ती नुसती काळी दिसली. रक्त असं चमकत नाही. आक्का बराच वेळ ते दोन कापूस बघत उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "म्हंजे मी उगाच पाजलं."

हे वाक्य त्या मेसेज लिहिणाऱ्यानं ऐकायला पाहिजे होतं.

आता वयाचं. हे मला मान्य करावं लागतं: पाळीव उंदराचं आयुष्य दोन ते तीन वर्षंच असतं, सव्वादोन म्हणजे म्हातारपण, आणि म्हातारा उंदीर सकाळी बरा, संध्याकाळी आडवा, असं होतं. मेसेजमधलं एवढं खरं आहे. पण त्यावरनं "औषध वाया" हे कुठनं काढलं? एका बाजूला पडणाऱ्या, गोल गोल फिरणाऱ्या म्हाताऱ्या उंदराला कानाच्या आत इन्फेक्शन असू शकतं, ते अँटिबायोटिकनं बऱ्याचदा आटोक्यात येतं, मान थोडी वाकडी राहते पण जनावर खातंपितं. मेंदूतला झटका असू शकतो, त्यातनंही काही जण उब आणि भरवण्यावर सावरतात. आणि म्हाताऱ्या माद्यांमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ बऱ्यापैकी आढळते, ती पूर्ण बरी होणं अवघड, तरी औषधानं काही दिवस सुखाचे जाऊ शकतात. श्वासाचा त्रास असेल तर बहुतेक वेळा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो, तो अंगातनं पूर्ण जात नाही पण औषधानं दबतो. म्हणजे चार वेगळे आजार, चार वेगळे रस्ते, आणि मेसेजवाल्याकडं सगळ्यांना एकच उत्तर, बाहेर ठेवा.

फरक ओळखायला घरात एक गोष्ट करून बघता येते. आम्ही चिमीला शेंगदाण्याचा अर्धा दाणा दिला. ती कलंडली, पिंजऱ्याच्या कोपऱ्याला टेकली, पण दाणा तिनं पुढच्या दोन्ही पंजांत धरला, फिरवला आणि दातानं साल काढलं. पिट्युटरीच्या गाठीत बहुतेक वेळा हे धरणंच जातं, पंजे आखडतात, दाणा हातातनं सुटतो आणि त्याला तो तोंडापर्यंत नेता येत नाही. कानाच्या दुखण्यात पकड राहते. हे काही पक्कं निदान नव्हे, पण डॉक्टरला सांगायला तेवढं पुरतं, आणि अशा वेळी फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात गेल्यावर जनावर घाबरून गप्प बसतं.

कोल्हापुरात उंदराचा डॉक्टर कुठं मिळणार, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. आमचे डॉक्टर म्हशींचे आणि कुत्र्यांचे. त्यांनी चिमीला हातात घेतलं, कानात बघितलं, पकड बघितली, म्हणाले उंदीर माझ्याकडं फारसे येत नाहीत, थांबा, आणि पुण्यातल्या आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन लावून डोस विचारून घेतला. कान धरून औषध सुरू करू, चार-पाच दिवसांत फरक नाही पडला तर गाठीचा विचार करू, असं स्पष्ट सांगितलं. दवाखाना शोधताना "उंदीर बघता का" असं विचारू नका, "वजन 280 ग्रॅम, मान वाकडी, डोस कुणाला विचारून द्याल का" असं विचारा, दार लवकर उघडतं.

अन्नपाणी बंद करणं हे मीठपाण्याइतकंच वाईट. एवढासा जीव, शरीर भरभर जळतं, एक रात्र उपाशी आणि गार वाऱ्यात काढली तर आजार बाजूलाच, त्यानंच जाईल. त्यात आपला जुलैचा पाऊस! पिंजरा आत घ्या, वरचे मजले काढून टाका म्हणजे पडून लागणार नाही, अर्ध्या भागाखाली कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा, गरम वाटलं तर तिला सरकता आलं पाहिजे म्हणून अर्ध्याच. खायला खिमट, मऊ भात, कुस्करलेलं केळं. स्वतः खात नसेल तर 1 मिलीची बिनसुईची सिरिंज घेऊन ओठाच्या बाजूनं थेंब थेंब, गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा थेंब नाही. धूप, कापूर, निलगिरीची वाफ काही नको, त्याची फुफ्फुसं आधीच नाजूक.

आणि तळ्याकाठी, म्हणजे आमच्याकडं रंकाळ्यावर, सोडून द्यायचं म्हणे. पिंजऱ्यात जन्मलेला पांढरा उंदीर, नजर मुळात अधू, त्यात मान वाकडी, त्याला कावळे पाच मिनिटं ठेवणार नाहीत. आजारी जनावराला उपासमार होईल असं सोडून देणं आणि पाळलेल्याला खायला-प्यायला न देणं, दोन्ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम 11 मध्ये गुन्हा म्हणून लिहिलंय. वेदना थांबतच नसतील तर डॉक्टरकडं शांतपणे झोपवता येतं, तो रस्ता उघडा असताना तळ्याकाठी कशाला.

बाकीचं पटकन. रेबीज: उंदरासारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत तो जवळपास आढळतच नाही, त्यांच्यापासून माणसाला झाल्याची माहिती नाही, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. मात्र उंदीर चावल्यानं येणारा वेगळा ताप असतो, तो खराय आणि चांगल्या दिसणाऱ्या उंदराच्या तोंडातही त्याचे जंतू असू शकतात, म्हणून चावला तर साबणानं धुवा आणि ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर डॉक्टरला उंदीर चावल्याचं सांगा. पिंजरा साफ केल्यावर हात धुणं तर रोजचंच. पाव गोळी: 500 मिलिग्रॅमची पाव म्हणजे 125, ती 300 ग्रॅमच्या उंदराला, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 50 गोळ्या. डोस असा सरळ वजनावर निघत नाही हे मला कळतं, पण अंदाज येण्यापुरतं सांगितलं.

भाची आता रोज सकाळी चिमीला प्लॅस्टिकच्या डब्यात घालून दाजींनी दुकानातनं आणलेल्या सोन्याच्या काट्यावर ठेवते आणि वहीत आकडा लिहिते. मंगळवारी 280 होती, शुक्रवारी 261 वर आली तेव्हा पोरगी जेवली नव्हती. आज नववा दिवस. मान अजून उजवीकडंच आहे, डॉक्टर म्हणतात कदाचित तशीच राहील. डोळे कोरडे आहेत. आज सकाळचा आकडा 272, आणि तो आक्कांनी स्वतः मला फोन करून सांगितला.